कांगारूची धूळपेरणी

मृग लागायच्या आधी, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, कोरड्या ढेकळांत बी टाकून पावसाची वाट बघत बसायचं, याला आपल्याकडे धूळपेरणी म्हणतात. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा जुगार तोंडपाठ असतो. पाऊस वेळेवर आला तर पीक चार पावलं पुढे. एक सर देऊन त्यानं तोंड फिरवलं तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च परत पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातली तांबड्या कांगारूची मादी हाच जुगार पोटात खेळते. फरक एवढाच की दुबार पेरणीचं बी तिच्याकडे बहुतेक वेळा आधीच पडलेलं असतं.

कांगारू म्हटलं की शाळेच्या तक्त्यावरचं चित्र डोळ्यांपुढे येतं: पिशवीतून डोकं काढून बघणारं गुबगुबीत पिल्लू. ते चित्र चुकीचं नाही, पण अपुरं आहे. डोकं बाहेर काढण्याएवढं होईपर्यंत त्या पिल्लाचे पिशवीत पाच महिने गेलेले असतात, आणि सांगण्यासारखं सगळं त्या पाच महिन्यांत घडतं. दुसरं म्हणजे पिशवी फक्त मादीला असते. नराच्या पिशवीत पिल्लू दाखवणारी चित्रं सर्रास फिरतात, ती खोटी.

तांबड्या कांगारूचा गाभणकाळ सुमारे 33 दिवसांचा. शेळीचा 150. व्यायच्या एक-दोन दिवस आधी मादी पिशवीत तोंड घालून आतली कातडी चाटून स्वच्छ करते. मग बूड टेकून, जमल्यास कशाला तरी पाठ लावून बसते आणि एरवी मागे असणारी शेपटी दोन पायांमधून पुढे घेते. पिल्लू बाहेर पडतं ते एक ग्रॅमपेक्षाही हलकं, लांबीला दोन-अडीच सेंटिमीटर. भुईमुगाचे दोन दाणे तळहातावर घेतले की वजनाचा अंदाज येतो. 30 किलोची शेळी दोन किलोचं करडू देते. तेवढ्याच वजनाची कांगारू मादी हे दोन दाणे देते.

पिल्लू गुलाबी, बिनकेसांचं, डोळे मिटलेले. मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. जे पाय पुढे आयुष्यभर उड्या मारणार आहेत, त्यांचा जन्माच्या वेळी पत्ता नसतो. पुढचे पाय मात्र तयार असतात, अगदी नखांसकट. आईच्या पोटावरचे केस धरत, एकाआड एक हात टाकत ते वर चढतं आणि तीन ते पाच मिनिटांत पिशवीत पोहोचतं. सड शोधायला वास उपयोगी पडतो. आई उचलून घेत नाही, ढकलत नाही. ती चाटून वाट तयार करते असं पूर्वी मानत. प्रत्यक्षात ती सांडलेलं पाणी आणि स्वतःचं अंग साफ करत असते. पिल्लू वाटेत गळून पडलं तर ते गेलं.

पिशवीत सड चार. पिल्लू त्यातला एक तोंडात घेतं आणि सडाचं टोक तोंडात फुगून बसतं, बुचासारखं. त्यानंतर कित्येक आठवडे ते सड सोडतच नाही. घशाची रचना अशी की श्वासनळीचं तोंड वर नाकाच्या मार्गात घुसलेलं असतं, त्यामुळे दूध पीत असतानाच श्वास चालू राहतो, ठसका लागत नाही. ही पकड इतकी घट्ट असते की ओढून सोडवलं तर तोंड फाटतं, रक्त येतं. 1629 साली पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांवर अडकलेल्या फ्रान्सिस्को पेल्सार्ट या डच दर्यावर्द्यानं टॅमर वॉलबी हे कांगारूचं छोटं भावंड पाहिलं, आणि पिल्लं सडातूनच उगवतात असं लिहून ठेवलं. त्याला हसायचं कारण नाही. सडाला चिकटलेला तो ठिपका ज्यानं पाहिला, त्याला कळीच फुटली आहे असं वाटणार.

इतक्या लवकर विण्याचा फायदा कळायला शेळीचा हिशेब मांडावा. गाभण शेळीनं पाच महिने अंगातलं काढून करडू वाढवलं, शेवटचे दीड-दोन महिने तर सगळा जोर पोटातच लावला, आणि त्याच वेळी चारा संपला, तर नुकसान मोठं. गाभडते, नाहीतर अशक्त करडू देते, स्वतःही खंगते. कांगारू मादीनं महिनाभरात गुंतवलेलं भांडवल एक ग्रॅमसुद्धा नाही. पुढचा सगळा खर्च दुधाचा, आणि दूध रोजच्या रोज थांबवता येतं. वार असते, पण फार थोड्या दिवसांची आणि कामाला बेताची. पोटातलं काम तिनं जवळपास सगळं पिशवीत आणि सडात हलवलंय.

आता आतली रचना. गर्भाशय दोन, त्यांची तोंडं दोन, योनिमार्ग तीन. बाजूचे दोन शुक्राणूंसाठी, मधला पिल्लू बाहेर येण्यासाठी. मधला पहिल्या वेताला उघडतो आणि कांगारूंमध्ये पुढे उघडाच राहतो. साधारणपणे गर्भाशयं आळीपाळीनं चालतात: या खेपेला उजवं, पुढच्या खेपेला डावं. त्यामुळे एका बाजूनं व्याली तरी दुसरी बाजू तेवढ्यात कामाला मोकळी असते.

आणि ती लगेच कामाला लागते. तांबड्या कांगारूची मादी व्याल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा माजावर येते आणि लागते. शेळीपालन करणाऱ्याला हे ऐकूनच गरगरेल. नवा गर्भ मात्र आठवडाभर वाढून 80-100 पेशींचा बारीक गोळा झाला की थांबतो. मरत नाही, गर्भाशयाला चिकटत नाही, वाढतही नाही. जीव धरून पडून राहतो. इथे धूळपेरणीची उपमा थोडी बदलावी लागते: मातीतलं बी पावसाची वाट पाहतं, हा गोळा थान मोकळं होण्याची वाट पाहतो. पिशवीतलं पिल्लू सड चोखत असतं तोवर आईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन पाझरतं. ते अंडाशयातल्या पीतपिंडाला, म्हणजे अंडं सुटल्यावर तिथे उरणाऱ्या गाठीला, दाबून ठेवतं. पीतपिंड गप्प, म्हणून गर्भाशय कोरडं, म्हणून गोळा थांबलेला. चोखणं कमी झालं की साखळी सुटते.

तारखा घालून पाहू. समजा पिल्लू 1 जूनला जन्मलं. 3 जूनच्या सुमारास मादी पुन्हा लागली, आणि दहा तारखेच्या आसपास नवा गोळा थांबला. पावसाळा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी, साधारण 150 व्या दिवशी, पिल्लू पिशवीतून पहिल्यांदा डोकं बाहेर काढतं. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा बाहेर येतं; बरेचदा येतं म्हणण्यापेक्षा पडतं, आणि घाबरून लगेच डोकं आत खुपसून कोलांटी घेत पिशवीत शिरतं. तेव्हापासून त्याचं चोखणं हळूहळू तुटक होत जातं, आणि 22 डिसेंबरच्या आसपास, म्हणजे 204 व्या दिवशी, थांबलेला गोळा वाढू लागतो. त्याला पुढे 31 दिवस पुरतात. 22 जानेवारीला, 235 व्या दिवशी, आई थोरल्याला पिशवीत घ्यायचं कायमचं बंद करते, पिशवीचं तोंड आवळून धरते. एक-दोन दिवसांत धाकटं जन्मतं. आणि ती पुन्हा माजावर येते. चांगलं वर्ष असलं की मादी अशी सलग तीन पिढ्या ओढते: एक बाहेर चरणारं, एक पिशवीत, एक पोटात थांबलेलं.

बाहेर काढलेलं पिल्लू अजून दुधावरच असतं, वर्षाचं होईपर्यंत. ते बाहेरून पिशवीत मुंडकं घालतं आणि आपलाच जुना सड शोधतं. तो आता लांब, लोंबता झालेला असतो. शेजारच्या सडाला भुईमुगाच्या दोन दाण्यांएवढं धाकटं चिकटलेलं. दोन्ही सडांचं दूध वेगळं. धाकट्याचं पातळ, साखर जास्त, स्निग्ध कमी. थोरल्याचं दाट, स्निग्ध भरपूर, साखर अगदी कमी. रक्त एक, हार्मोन एकच, चारा एकच, आणि शेजारशेजारच्या दोन ग्रंथी दोन प्रकारचं दूध काढतात. शेळीच्या किंवा म्हशीच्या कासेत असं काही होत नाही.

पान्ह्याचंही असंच. थोरलं मुंडकं घालून जोरात ढुसण्या देतं तेव्हा मेसोटोसिन, म्हणजे शेळी-म्हशीतल्या ऑक्सिटोसिनचं भावंड असलेलं पान्ह्याचं हार्मोन, भरपूर सुटतं आणि मोठी ग्रंथी पान्हावते. धाकट्याच्या इवल्याशा चोखण्यानं ते अगदी थोडं सुटतं, पण लहान ग्रंथीला तेवढंही पुरतं, कारण ती जास्त हळवी असते. मोठी तेवढ्यावर हलत नाही. दोघांचे पान्हे एकमेकांत मिसळत नाहीत.

दुधाची पायरी कोण ठरवतं, पिल्लू की आई? टॅमर वॉलबीवर अदलाबदलीचे प्रयोग झाले. लहान पिल्लू उचलून पुढच्या टप्प्यातल्या मादीच्या सडाला लावलं. दूध मागे आलं नाही. ते मादीच्या वेळापत्रकाप्रमाणेच दाट होत गेलं, आणि पिल्लू नेहमीपेक्षा भरभर वाढलं. घड्याळ आईच्या कासेत आहे. चीक फक्त दोन-तीन दिवस, ही आपली समजूतही इथे कामाची नाही. जन्मलेल्या पिल्लाला स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. किती तरी महिने त्याचं संरक्षण दुधातूनच येतं.

पिशवीला झोळी म्हणायचा मोह होतो. आपल्याकडे खानदेशात 'ळ'चा 'य' होतो, म्हणून झोयी. निंदणीला गेलेली बाई बांधावरच्या निंबाला बांधते ती. पण झोयी बाळाला नुसती धरते. पिशवी उबवते, आणि तिच्या तोंडाला स्नायू आहे. आई ते मनाप्रमाणे आवळते किंवा सैल करते. आत केस नाहीत, त्यामुळे पिल्लाची कातडी थेट आईच्या कातडीला लागते. मुतणं-हगणं आई चाटून घेते, आणि त्या चाटण्यानंच लहान पिल्लाला ते होतं. त्यातून पाणीही बऱ्यापैकी परत मिळतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघडं बांधून ठेवतात ती 'कांगारू मदर केअर' पद्धत हीच ऊब वापरते. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी ती सुरू केली, कारण काचपेट्या पुरत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 ची शिफारस दिवसाला 8 ते 24 तास अशी आहे. अक्कलकुवा-धडगावच्या आयांना ती समजावताना कांगारूचं चित्र दाखवायची खरं तर गरज नाही. लुगड्यात बाळ बांधून डोंगर चढणं त्यांना जमतंच. फक्त मधे कापड नको, कातडीला कातडी.

आता दुष्काळ. तांबडा कांगारू राहतो त्या मुलखात पावसाचा भरवसा आपल्यापेक्षाही कमी. आपल्याकडे निदान मृग-आर्द्रा ठरलेली नक्षत्रं आहेत. तिकडे वर्षच्या वर्ष कोरडं जातं आणि मग पाऊस एकदम कधीही येतो. चारा वाळला की मादीचं दूध आटतं. सड सोडायला न शिकलेलं, पण भूक वाढत चाललेलं, साधारण दोन महिन्यांचं पिल्लू त्यात मरतं. चोखणं थांबतं, थांबलेला गोळा सुटतो, 31 दिवसांनी नवं पिल्लू पिशवीत. तेही दोन महिन्यांनी मरतं. पुन्हा पुढचं. बघायला निष्ठुर वाटतं, पण हिशेबानं ही दुबार पेरणी फार स्वस्तातली आहे: पहिल्या दोन महिन्यांत पिल्लाला दूध लागतंच किती! मधल्या काळात कधीही पाऊस आला, तर पिशवीत एक पिल्लू तयार असतं आणि हिरव्या चाऱ्यावर ते तरून जातं. दुष्काळ लांबलाच तर मादी माजावर येणंच बंद करते. पाऊस पडून हिरवं झालं की काही आठवड्यांत पुन्हा सुरू.

सगळ्या कांगारूंचं असं नाही. पूर्वेकडच्या राखाडी कांगारूचा गाभणकाळ सुमारे 36 दिवस. त्याचं पिल्लू पिशवीत जवळजवळ अकरा महिने राहतं, दूध दीड वर्षापर्यंत पितं. ती मादी व्याल्यावर लगेच लागत नाही. लागलीच तर पिशवीतलं पिल्लू चार-पाच महिन्यांचं झाल्यावर. पश्चिमेकडच्या राखाडी कांगारूत गर्भ थांबवण्याची सोयच नाही. टॅमर वॉलबीनं तर गर्भ जागा करण्याची कळ दिवसमानाला जोडली आहे. तिकडचा सर्वांत मोठा दिवस 22 डिसेंबरच्या आसपास. तो उलटून दिवस लहान व्हायला लागले की गर्भ जागा होतो आणि बहुतेक पिल्लं जानेवारीच्या शेवटाला जन्मतात. जिथे पावसाचा भरवसा जास्त, तिथे पंचांग चालतं. जिथे नाही, तिथे तांबड्यासारखं सतत तयार राहणं.

उड्यांबद्दल थोडक्यात, कारण पिशवीचा त्याच्याशी संबंध आहे. डॉसन आणि टेलर यांनी 1973 साली तांबड्या कांगारूंना चालत्या पट्ट्यावर पळवून प्राणवायू मोजला. उड्या सुरू झाल्यावर वेग वाढला तरी खर्च जवळजवळ वाढत नाही, कारण घोट्यामागची लांब शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, स्प्रिंगसारखी ताणते आणि परत ढकलते. 1998 मध्ये टॅमर वॉलबीवर आणखी एक गोष्ट दिसली: पिशवीत वजन घालून पळवलं तरी प्राणवायूचा खर्च वाढला नाही. शीर जास्त ताणते आणि तेवढंच जास्त परत देते. धावणारी आई लेकराचं ओझं फुकटात नेते. हळू चालताना मात्र कांगारू अवघडतो. तेव्हा शेपटी टेकवून पाचव्या पायासारखी वापरतो, आणि मागे सरकणं त्याला जवळपास जमत नाही.

जळगावच्या मे महिन्यात, 45 अंशांत, तो काय करेल? दुपारी चरणार नाही. झाडाखाली वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीत बसेल आणि पुढचे हात कोपराखाली चाटत राहील. तिथे कातडीलगत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. थुंकी वाळते तसं रक्त गार होतं. हा त्याचा पाण्याचा कूलर.

तिकडे रस्त्यावर गाडीनं मादी मेली की पिशवी तपासायची पद्धत आहे, आणि अनाथ पिल्लं वाढवणारे लोक आहेत. त्यांच्या कामात चुका कुठे होतात ते आपल्या गोठ्यातल्या माणसाला चटकन कळेल. पहिली चूक म्हणजे पिल्लू सडावरून ओढणं. सड पिल्लाच्या तोंडात राहू देऊन मेलेल्या आईकडून कापायचा, किंवा आईसकट न्यायचं. दुसरी चूक ऊब: बिनकेसांच्या पिल्लाला 32 ते 34 अंश, केस आलेल्याला सुमारे 28. गार पिल्लाला आधी गरम करायचं, मग दूध. उलटं केलं तर ते पचत नाही.

तिसरी चूक गाईचं दूध. शेळीचं दूध कुणालाही चालतं असं आपण मानतो. इथे तेही नको. त्यातली लॅक्टोज ही साखर कांगारूच्या पिल्लाला पचत नाही. आधी हगवण लागते, आणि तरी देत राहिलं तर डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून तिकडे कमी लॅक्टोजची खास पावडर मिळते, वयाच्या टप्प्याप्रमाणे वेगवेगळी, म्हणजे आईच्या बदलत्या सडाची नक्कल. दिवसाचं दूध वजनाच्या 10 ते 15 टक्के. 500 ग्रॅमच्या पिल्लाला 50 ते 75 मिलिलिटर, बाटलीच्या बारीक लांब रबरी बुचानं, विभागून. बुचाचं भोक मोठं झालं की दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी ओल्या कापसानं मागचा भाग पुसून शी-शू करवायची, आई चाटते तसं. तोंडात पांढरे डाग आणि फेसाळ, वासाची हगवण दिसली तर बहुधा बुरशी.

चौथी चूक म्हणजे लाड. माणसांची वर्दळ, कुत्रा, मोठा आवाज, धरपकड यांनी कांगारूच्या स्नायूंचा अक्षरशः नाश होतो. मागचे पाय ताठरतात, मान लोंबते, लघवी तपकिरी होते आणि काही दिवसांत तो मरतो. एप्रिल 2022 मध्ये पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडी भागात तस्करीचे कांगारू रस्त्यावर भटकताना सापडले, त्यांच्याभोवती जमलेल्या गर्दीचे फोटो आठवून पाहा. अंधारी कापडी पिशवी, शांत खोली आणि एकच हाताळणारा माणूस, ही त्यावरची तजवीज.

पिल्लू चरायला लागलं की शेवटची अडचण पोटाची. कांगारूच्या पोटाच्या पुढच्या भागात जंतू गवत आंबवतात, रवंथ न करताही. ते जंतू पिल्लू आईचं तोंड चाटून, माती आणि लेंड्या खाऊन मिळवतं. म्हणून अनाथ पिल्लाला फरशीवर ठेवून भागत नाही. त्याला स्वच्छ मातीचं अंगण आणि मऊ गवत लागतं. कुसळं असलेलं गवत घातलं तर ती हिरडीत रुततात, जखमेतून जंतू शिरतात आणि जबडा सुजून सडतो. पाळलेल्या कांगारूंचा हा नेहमीचा रोग. तोंडाला कुसळ टोचलेली शेळी ज्यानं पाहिली आहे, त्याला गव्हाण का साफ ठेवायची हे वेगळं सांगावं लागणार नाही.